भाता नसलेला ऑर्गन

“ताई, तो बाक जरा पलीकडे घे ना. पपांची खुर्ची आत यायला जागा हवी.”

ज्योत्स्ना हे म्हणाली तेव्हा मी त्याच बाकावर बसले होते. म्हणजे मला उठवायचं आणि बाक हलवायचा, अशी दोन कामं तिने एका वाक्यात उरकली. माझी धाकटी बहीण लहानपणापासून अशीच कामसू.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवसाची दुपार होती. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, दगडी असलं तरी वरचा पत्रा तापला की आत जीव नकोसा होतो. वेदीच्या डाव्या अंगाला, जिथे आमचा जुना ऑर्गन असायचा, तिथे खोकी, थर्माकोल आणि काळ्या वायरींचं जंजाळ पसरलं होतं. ऑर्गन सकाळीच मागच्या भिंतीला लावून ठेवला होता, तोही तोंड भिंतीकडे करून. त्याच्या जागी ज्योत्स्नाने लोखंडी स्टँड उभा केला होता आणि त्यावर एकावर एक असे दोन कीबोर्ड बसवले होते. पुण्याहून गाडी करून आणले होते तिने, स्वतःच्या पगारातून. लोंढेबाई सकाळी आमच्या दारावरून जाताना थांबून मला म्हणाल्या, “मुलगी द्यावी देवानं तर अशी!” मी तेव्हा पपांचं धोतर पिळत होते. मी ते जरा जास्तच पिळलं.

पपा म्हणजे शांतवन उजगरे, मिशनच्या शाळेतले संगीताचे मास्तर. गावातल्या निम्म्या लोकांची लग्नं आणि त्यांच्या आईबापांच्या मयती त्यांच्याच ऑर्गनवर झाल्या. हा ऑर्गन पायपेटीचा. खाली दोन पॅडल, ती आळीपाळीने दाबत राहायची म्हणजे आतला भाता भरतो आणि सुरांना वारा मिळतो. पाय थांबले की सूर मेला. आणि पपांचा डावा पाय साखरेने नेला, गुडघ्याच्या खालून.

पपा इस्पितळातून घरी आले तेव्हा मंडळी ढोलकीवर गात होती. पपा पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत बसून, मांडीवर बोटं वाजवत ऐकायचे. ते मला बघवेना. एका रविवारी मी पाळकसाहेबांना म्हटलं, त्यांना उचलून बाकावर बसवा. आणि मी त्यांच्या डाव्या हाताला बसले, कंबर वाकडी करून दोन्ही पाय पॅडलवर टाकले आणि भाता मारायला लागले. हात त्यांचे, पाय माझे. पहिला सूर उमटला तेव्हा लोंढेबाई मोठ्याने रडल्या होत्या.

तेव्हापासून दर रविवारी, लग्नाला, मयतीला, नाताळला आम्ही दोघं त्या बाकावर. कडवं चढणार असेल तर पपा कोपराने मला हळूच ढोसायचे, की मी जोर वाढवायचे. ते ढोसणं दुसऱ्या कुणाला दिसायचं नाही. माझं लग्न झालं नाही, नोकरी प्राथमिक शाळेतली, आई जाऊन बरीच वर्षं झालेली. ज्योत्स्ना संगीताच्या परीक्षा देऊन, इंजिनियर होऊन पुण्याला गेली. मला त्या बाकावरची हातभर जागा मिळाली. तीच माझी इस्टेट होती, आणि आता तिच्यावर माझी सख्खी बहीण नांगर फिरवत होती.

मी बाक ओढून भिंतीकडे नेला. मुद्दाम फरशीवर घासत नेला, मोठा आवाज झाला. ज्योत्स्नाने वर पाहिलंसुद्धा नाही. ती पालथी पडून स्टँडचे स्क्रू फिरवत होती.

“खुर्चीचे हात सव्वीस इंचांवर येतात ना? तू फोनवर सांगितलंस तसाच लावलाय स्टँड.”

मला आठवलं. महिन्यापूर्वी तिने फोन करून पपांच्या खुर्चीची उंची विचारली होती, आणि मी बिचारी टेप घेऊन मोजत बसले होते. मला वाटलं, नवीन गादी पाठवतेय.

इतक्यात पाळकसाहेब पपांना खुर्चीतून घेऊन आले. आमचे ओहोळ पाळक तरुण माणूस, कुठल्याही नव्या वस्तूवर लुब्ध. “सलाम, ज्योत्स्नाताई! तयार झालं का?”

“सलाम. आता पपांनी हात लावायचा.”

खुर्ची सरळ स्टँडखाली सरकली. कुणी उचलायला नको, काखेत हात घालायला नको. पपांनी दोन्ही कीबोर्डवरून तळवा फिरवला, पट्ट्यांना न दाबता, आणि लहान मुलासारखे माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही.

“आवाज नेमका कुठून निघतो?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतोच,” ज्योत्स्ना म्हणाली. “कुठली पट्टी दाबली, केव्हा सोडली, एवढं तो या वायरीतून लॅपटॉपला कळवतो. आवाज लॅपटॉप काढतो आणि या स्पीकरमधून बाहेर येतो.”

“म्हणजे नुसता चहाडखोर,” मी म्हणाले.

पाळकसाहेब हसले. पपाही हसले, आणि मला क्षणभर बरं वाटलं. मग पपांनी एक पट्टी दाबली. काहीच झालं नाही. त्यांनी बोट उचललं आणि मागून सूर आला.

“अगं, मी आज वाजवतोय आणि हा उद्या बोलतोय!”

माझ्या मनात घंटा वाजल्या. खोटं कशाला बोलू, मी तिथे उभ्या उभ्या प्रार्थना केली की हा उशीर असाच राहू दे, आणि जमलं तर वीजही जाऊ दे. आमच्या गावात वीज जायला एरवी प्रार्थना लागत नाही. पण त्या दिवशी मेली गेली नाही. ज्योत्स्नाने लॅपटॉपवर कसला तरी आकडा कमी केला, “आता बघा” म्हणाली, आणि सूर बोटाबरोबर यायला लागला.

मग निराळीच तक्रार. पपांनी हळू दाबलं की सूर हळू यायचा, जोरात दाबलं की दणकायचा.

“हा पियानोचा स्वभाव झाला,” पपा म्हणाले. “ऑर्गनला बोटाचा जोर कळत नाही.”

“बंद करते ते. कसंही दाबा, एकसारखं येईल.” तिने तेही बंद केलं. मग वरचा आणि खालचा कीबोर्ड एकाच आवाजात बोलायला लागले, तेव्हा तिने खालच्याला वेगळा चॅनल दिला. माझी बहीण कुठे अडतच नव्हती. प्रत्येक वेळी यंत्र रुसायचं, माझ्या मनात जरा पालवी फुटायची, आणि ती दोन बटणं दाबून ती खुडून टाकायची.

“आता खरा आवाज लावते,” ती म्हणाली. “पपा, डोळे मिटा.”

पपांनी डोळे मिटले आणि एक साधी सुरावट धरली. मी भिंतीशी उभी होते. तो आमचा ऑर्गन होता. त्याच्यासारखा नव्हे, तोच. मधल्या सप्तकातला तो जरासा नाकातला सूर, वरचा कापरा सूर, सगळं तेच. मी चक्क मागे वळून पाहिलं. ऑर्गन भिंतीकडे तोंड करून गप्प होता.

“हा तर आपला!” पपा ओरडले. “ज्योती, हा तर आपला ऑर्गन!”

“नाताळात रेकॉर्ड केला होता. एकेक पट्टी, एकेक स्टॉप.”

तेही मला आठवलं. नाताळच्या सुट्टीत तिने माइक मांडून मला देवळात बसवलं होतं. “आठवण म्हणून ठेवते, ताई. तू फक्त एकसारखा भाता मार.” ती एकेक पट्टी दाबून धरायची आणि मी पाय मारायचे. श्वाससुद्धा हळू घेत होते मी, माइकमध्ये येईल म्हणून. पिंढऱ्या भरून आल्या होत्या. रात्री तिनेच तेल चोळून दिलं होतं.

“भाता मी मारला होता,” मी म्हणाले.

“हो ना!” ज्योत्स्ना वळली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं कौतुक होतं, तेच मला जास्त झोंबलं. “काय एकसारखा मारलास, ताई. एक सूर हलला नाही. म्हणून तर जमलं हे.”

माझेच पाय चोरून तिने मला घरी बसवलं होतं, आणि वर माझी पाठ थोपटत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पाळकसाहेबांसमोर काय बोलणार?

पपांनी अगदी खालचा सूर दाबला. त्या सुराच्या मागे बारीक कुर्र, कुर्र ऐकू येत होतं. डावं पॅडल दाबलं की ते कुरकुरायचं, तेच. माझ्या पायाखालचं.

“ही तर ताईची कुरकुर,” ज्योत्स्ना हसली. “काढायची का, पपा? एका बटणाचं काम आहे. ठेवायची तर ठेवू.”

मी पपांकडे पाहिलं. इतक्या सगळ्यात माझं म्हणून तेवढंच उरलं होतं. मला वाटलं, आता ते म्हणतील, राहू दे.

“काढ,” पपा म्हणाले. “त्या कुरकुरीने मला छळ छळ छळलंय.”

बटण दाबलं गेलं. सूर स्वच्छ झाला.

मग स्टॉप. जुन्या ऑर्गनला लाकडी मुठी होत्या, ओढल्या की आवाजाचा पोत बदलायचा. नव्याला गोल खुंट्या होत्या आणि कुठली खुंटी कुठला स्टॉप उघडणार हे लॅपटॉपला शिकवावं लागे. ज्योत्स्ना पडद्यावर एक जागा निवडायची, पपा एक खुंटी फिरवायचे, आणि लॅपटॉप ते लक्षात ठेवायचा. दोघांची डोकी जवळजवळ आली होती. “हा डावीकडे हवा.” “झाला.” “याच्या शेजारी तो गोड आवाजाचा.” “तोही झाला.” मी थर्माकोलचे तुकडे वेचत होते. त्या दोघांना मी तिथे आहे हेही ठाऊक नव्हतं. पपांच्या खांद्याशी असं डोकं नेऊन बोलायचा हक्क माझा होता, आणि ती बाई आल्या आल्या तिथे जाऊन बसली होती.

शेवटी ज्योत्स्नाने खोक्यातून एक काळं पॅडल काढलं आणि पपांच्या उजव्या पायाखाली ठेवलं. “आवाज लहानमोठा करायला. पुढे दाबलं की मोठा, मागे घेतलं की लहान. आता पूर्ण गीत वाजवा.”

पपांनी हात ठेवले आणि सुरू केलं. आणि जे बाहेर आलं ते ऐकून पाळकसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. सूर फुगायचा, विझायचा, पुन्हा फुगायचा, पुन्हा विझायचा. वांव वांव, वांव वांव. आजारी म्हैस रेकावी तसं. ज्योत्स्ना वायरी तपासायला लागली. मला मात्र एका नजरेत कळलं. पपांचा उजवा पाय भाता मारत होता. ते काळं पॅडल तो जुन्या सवयीने दाबत होता, सोडत होता, दाबत होता.

“पपा, पाय!” ज्योत्स्नाच्याही लक्षात आलं. “पाय हलवू नका, नुसता ठेवा.”

“नाही हलवत.”

पुन्हा सुरू केलं. पुन्हा वांव वांव. आयुष्यभराची सवय, ती एका दुपारी कशी जाणार? तीनदा झालं. पपा घामेघूम झाले. चौथ्यांदा हात पट्ट्यांवरून काढून त्यांनी मांडीवर ठेवले, आणि मी, देवाची क्षमा असो, आनंदाने भिंतीला टेकले. आता काय करणार, इंजिनियरबाई? आता कुणीतरी शेजारी बसायला हवं, ते पॅडल सांभाळायला. आणि शेजारी बसायची सवय कुणाला आहे? मी चपला काढायलाही लागले.

“रजू,” पपांनी हाक मारली.

“आले, पपा.” मी लगबगीने गेले. बाक आणायला वळणार तेवढ्यात ते म्हणाले, “ते पॅडल काढून घे तिथून. ज्योती, आवाज एका जागी बांधून टाकता येतो?”

“येतो की.”

“मग बांधून टाक. मला पाय नकोच.”

मी वाकले. त्यांच्या पायाखालचं पॅडल मी माझ्या हातांनी काढलं आणि वायर उपटून खोक्यात टाकलं.

पपांनी पुन्हा हात ठेवले. आता मधे काहीच नव्हतं. त्यांनी ते नेहमीचं गीत धरलं, झावळ्यांच्या रविवारी पोरं फांद्या हलवत आत येतात तेव्हाचं, आणि मी गोंधळले. गीत धावत होतं. आम्ही दोघं ते असं कधी वाजवलं नव्हतं. बोटं पट्ट्यांवर नुसती उड्या मारत होती. ओळीच्या शेवटी मी भाता भरून घ्यायचे, तिथे ते थोडं थांबायचे. आता ते थांबले नाहीत. पुढच्या ओळीत घुसले.

गेली काही वर्षं मंडळीत कुजबुज होती, उजगरे सर थकले, गाणी फार संथ झाली. मीही कुणाकुणाला सांगितलं होतं, वय झालं आता त्यांचं, सांभाळून घेते मी. ते थकले नव्हते. ते माझ्या पायांसाठी थांबत होते.

संध्याकाळी ज्योत्स्ना लोंढेबाईंकडे कौतुक करून घ्यायला गेली. मी पपांना ओसरीवर खाटेवर टेकवलं आणि त्यांच्या कापलेल्या पायाची पट्टी सोडायला बसले. गप्प राहायचं ठरवलं होतं, पण ते माझ्या स्वभावात नाही.

“पपा, हे यंत्र आणायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?”

“माझ्या.”

माझा हात थांबला. “मला वाटलं, ज्योत्स्नाच्या.”

“मीच मागितलं तिच्याकडे.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“सांगितलं असतं तर तू असंच तोंड केलं असतंस.”

“माझे पाय कमी पडले का कुठे? एक रविवार चुकवला का मी? ताप असताना आले. शाळेची सहल सोडून आले.”

“कमी नाही पडले, रजू.”

“मग?”

समोरच्या कडुलिंबावर पाखरांचा गलका चालला होता.

“सकाळी तू मला अंघोळ घालतेस,” ते म्हणाले. “संडासाला तू नेतेस. शर्टाची बटणं मी लावायला घेतली की तुझा हात पुढे येतो. ताटातला काटा तू काढतेस. सांग बरं, एकट्याने मी काय करतो? झोपतो, तेवढंच. एक वाजवणं होतं. तिथेही तू.”

“म्हणजे मी तुमच्या मधे येत होते?”

“मधे नाही. शेजारी होतीस.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो मी राहू दिला नाही. “मला एकदा एकट्याने वाजवू दे, पोरी. देवासमोर तरी.”

त्या म्हाताऱ्याचा मला त्या संध्याकाळी आला तेवढा राग कधी कुणाचा आला नाही. मी पट्टी बांधली, घट्ट नाही आणि सैल नाही, आणि आत जाऊन भांडी आपटली. मला ज्योत्स्नाचा हेवा वाटत होता तोवर ठीक होतं. तो मला सवयीचा होता. आता मला पपांचाच हेवा वाटायला लागला. त्यांना एकटं राहायचं होतं आणि त्यांना ते मिळालं होतं. मला एकटं राहायचं नव्हतं, आणि तेच नेमकं माझ्या वाट्याला आलं होतं.

सकाळी देऊळ गच्च भरलं. पोरं दारात झावळ्या घेऊन उभी होती, एकमेकांच्या डोळ्यांत खुपसत होती. मी पपांची खुर्ची स्टँडखाली नेली, चाकांना ब्रेक लावला, चष्मा पुसून दिला. ज्योत्स्ना लॅपटॉप घेऊन बाजूच्या स्टुलावर बसली होती, मंडळीकडे तोंड करून. मी तिथेच उभी.

“जा, बस जाऊन,” पपा म्हणाले. प्रेमानेच म्हणाले.

कुठे बसू? आमच्या देवळात कुणी चिठ्ठ्या लावलेल्या नाहीत, पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. बायकांच्या बाजूला मी कितीतरी वर्षांत बसले नव्हते. पाहुण्यासारखी उभी राहिले, तेव्हा लोंढेबाईंनी सरकून जागा दिली.

पपांनी सुरुवातीचं वादन सुरू केलं. मी मांडीवर हात ठेवून वेदीकडे बघत होते. थोड्या वेळाने लोंढेबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

“पाय नको गं हलवू. अख्खा बाक हलतोय.”

मी खाली पाहिलं. माझे पाय भाता मारत होते. मी ते एकावर एक घट्ट अडकवून घेतले.

मग पोरं झावळ्या हलवत आत आली आणि सगळे गायला उभे राहिले. मीही उभी राहिले. उभं राहून गायचं असतं हे मी विसरलेच होते. भाता मारताना गायला दम कुठून आणणार? पाय सांभाळायचे, पपांचं कोपर सांभाळायचं. ओठ हलवायचे फार तर. आज पायांना काम नव्हतं आणि छातीत आदल्या दिवसापासूनचा सगळा राग साठला होता. समोर ते दोन काळे कीबोर्ड माझ्याच भात्यावर बोलत होते, माझ्याशिवाय. मला एवढंच कळत होतं की त्या यंत्राच्या वर आवाज गेला पाहिजे.

मी तोंड उघडलं आणि गायले.

पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी वळून पाहिलं. लोंढेबाई गायच्या थांबल्या. मला पर्वा नव्हती. दुसऱ्या कडव्याला पपांनी एक खुंटी फिरवली, यंत्राचा आवाज भरला. मी आणखी वर गेले. त्यांनी आणखी एक स्टॉप उघडला. वळून त्यांनी पाहिलं नाही, त्यांची पाठ तेवढी ताठ झाली. मी कुणासाठी थांबत नव्हते आणि तेही थांबत नव्हते, गीत पत्र्याला जाऊन भिडत होतं. शेवटच्या कडव्याला माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते रडणं होतं की दम लागला होता, देव जाणे.

आमेन झालं. मी मटकन खाली बसले. ज्योत्स्ना स्टुलावरून माझ्याकडे टक लावून बघत होती.

जेवायला लेंटचे उपासाचे दिवस म्हणून साधंच केलं होतं, वांग्याचं भरीत आणि भाकरी. ज्योत्स्ना सकाळपासून वाट बघत होती. मला ओळखू येतं ते. यंत्राबद्दल पपा काही म्हणतील, शाबास म्हणतील. ती एकदा म्हणालीसुद्धा, “आवाज कुठे फाटला नाही ना, पपा?” पपांनी नुसती मान हलवली. भाकरीचा तुकडा मोडून ते हातातच धरून बसले होते.

“रजू, बायकांच्या बाजूला आज कुणी पाहुणी आली होती का?”

मी भरीत वाढत होते. “का हो?”

“एक आवाज होता. मोकळा, मोठा. असा आवाज आपल्या मंडळीत मी आजवर ऐकला नाही. मी दोन स्टॉप उघडले तरी तो मागे हटेना.” ते स्वतःशी हसले. “इतक्या वर्षांत मला वाजवायला असं कुणी लावलं नव्हतं.”

ज्योत्स्नाचा घास हातातच राहिला. ती तोंड करून बसली होती मंडळीकडे, तिने सगळं पाहिलं होतं. पुण्याहून एवढं सगळं ओढत आणलं, एकेक वायर जोडली, आणि पपा विचारत होते तिसऱ्याच कुणाबद्दल. तिचा चेहरा कसा झाला होता ते मी नीट पाहिलं. तो चेहरा माझ्या चांगला ओळखीचा होता. दोन दिवस मी तोच घेऊन वावरत होते.

“पपा, ती पाहुणी नव्हती,” ती म्हणाली. “ती तर—”

“पाहुणीच होती,” मी म्हणाले, आणि तिच्याकडे पाहिलं. ती गप्प झाली. “ईस्टरलाही येते म्हणाली.”

पपांनी तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

“मग तिला एक सांग,” ते म्हणाले. “शेवटच्या ओळीत ती सुराच्या जरा खाली उतरते. तेवढं सांभाळायला सांग.”

“सांगते,” मी म्हणाले.